डॉक्टर कुणाचा?

आमच्या घरात एक मोजपट्टी आहे. कापडाची, एकेकाळी पिवळी असलेली, एका टोकाची पितळी पत्री निखळलेली. यंदा आकाशकंदिलाचा कागद बेतायला सुनेने ती काढली, तेव्हा धाकट्या नातवाने विचारले, ही एवढी जुनी का? मी म्हटले, "अरे, हिने हजारो पोरांच्या छात्या मोजल्या आहेत." त्याला ते फारच आवडले. सदरा काढून तो समोर उभा राहिला, छाती फुगवता फुगवता गाल लाल करून घेतले आणि "पास का?" म्हणून विचारू लागला. मी "पास" म्हटले. घरात मी आजवर कुणाला नापास केलेले नाही. नोकरीत मात्र पुष्कळांना केले.

मी सैन्यात डॉक्टर होतो. १९७४ साली लागलो आणि २००२ साली निवृत्त झालो. भरतीच्या मैदानावर पहाटेपासून पोरे रांगा लावीत. कोल्हापूरकडची, साताऱ्याकडची, बीडकडची. बूट हातात, प्रमाणपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत. त्यांचे गुडघे एकमेकांना लागतात का, तळवा सपाट आहे का, श्वास घेतल्यावर छाती ५ सेंटीमीटर फुगते का, हे मी पाहत असे. सपाट तळव्यासाठी परत पाठवलेले एक पोर माझ्या टेबलाचा पाय धरून रडले होते. तेव्हा त्याची दया आली, पण आपण काही चुकीचे करतो आहोत असे वाटले नाही. अजूनही वाटत नाही.

एक प्रश्न मात्र त्या काळात कधी डोक्यात आला नाही आणि हल्ली वरचेवर येतो. मी डॉक्टर होतो खरा, पण कुणाचा?

गावातल्या डॉक्टराला हा प्रश्न पडण्याचे कारण नाही. दुखणेकरी आपल्या पायांनी त्याच्याकडे येतो आणि त्याचे पैसे देतो. सांगितलेले पटले नाही तर समोरच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. सैन्यात तसे नसते. सकाळी सिक रिपोर्टला जवान येतो तो युनिटचा कागद घेऊन, आणि परत जातो तोही माझ्या सहीचा कागद घेऊन. त्या कागदावर तो कामाला लायक आहे की नाही एवढे लिहायचे असते. औषधही मीच द्यायचे आणि निवाडाही मीच द्यायचा. ज्याच्यापुढे दुखणे उघडे करायचे, त्याच्याच हातात नोकरी. मग माणसे दुखणे लपवतात. दृष्टी अधू झालेला हवालदार डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरे पाठ करून येई. आम्हांला ते ठाऊक असे, आणि आम्ही तक्ता बदलत असू. यात कुणी कुणावर रागावत नसे, तो एक खेळच होता.

एकदा मात्र तो खेळ राहिला नाही. एका ड्रायव्हरला फेफरे येत असे आणि ते त्याने दोन वर्षे लपवले होते. त्याची बायको गरोदर होती, घरी कर्ज होते. तो माझ्या पाया पडला. मी लिहिले आणि त्याची गाडी सुटली. घाटात तीन टनी गाडी, मागे वीस माणसे बसलेली, आणि चाकावर असा माणूस. मी दुसरे काय करणार होतो? त्या सहीबद्दल मला एक रात्रही झोप लागली नाही असे झाले नाही.

ज्या सहीबद्दल तसे झाले, ती गोष्ट सांगायला मी बसलो आहे. दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण घरातली सगळी माणसे एकत्र बसून काही वाचतात ते याच दिवसांत, आणि ही गोष्ट कुणाच्याही घरातली असू शकते.

१९८४ सालची हिवाळ्यातली गोष्ट. उत्तरेकडच्या एका छावणीच्या रुग्णालयात मी होतो. तिथे सिग्नल कंपनीतला एक जवान आला, वय बावीस-तेवीस. डावी पोटरी सुजून उजवीच्या दीडपट झालेली, लाल, हात लावला तर तोंड वाकडे होई. पोटरीतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. म्हाताऱ्याला, बाळंतिणीला, महिनाभर अंथरुणात पडलेल्याला हे होते. रोज पाच मैल धावणाऱ्या पोराला का व्हावे? अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस मिनिटांत जातो, म्हणून कारण शोधणे भाग होते. मार लागला होता का? नाही. घरात कुणाला? नाही. काही औषध घेतोस का? गप्प.

तो आमच्या मुलखातला निघाला. मी मराठीत बोलू लागलो, दार लोटून घेतले, खुर्ची पुढे ओढली. पुष्कळ वेळाने खाली मान घालून उत्तर आले, "गोळ्या घेते, सायेब."

मराठीत एक सोय आहे, किंवा एक गैरसोय म्हणा. इंग्रजीत माणूस जन्मभर 'मी' म्हणत राहिला तरी त्या शब्दावरून तो कोण हे कळत नाही. आपल्याकडे 'मी'च्या मागून येणारे क्रियापद लगेच चुगली करते. घेतो, घेते. त्या एका मात्रेत सगळे सांगून झाले होते. बाजारातून कुटुंबनियोजनाच्या गोळ्या आणून दिवसाला तीन-तीन, चार-चार अशा वर्षभर घेतल्या होत्या. त्या गोळ्यांत स्त्रीचे संप्रेरक असते. अंग थोडे मऊ व्हावे, दाढी कमी यावी, एवढ्यासाठी. त्या संप्रेरकाने रक्त गोठण्याकडे झुकते, हे त्या जिवाला कोण सांगणार? सांगणारा मी होतो, आणि माझ्याकडे यायची चोरी होती.

यापुढे मी 'तो' लिहिणार नाही. 'ती' लिहावे तर तसे मला कुणी सांगितलेले नाही. मराठीने तिसरे लिंग ठेवले आहे ते अशा वेळी कामाला येते. ते पोर म्हणतो. आईच्या तोंडी हा शब्द मुलालाही चालतो, मुलीलाही.

ते पोर म्हणाले, "लहानपणापासनं असंच हाय, सायेब. कामात कधी कसूर न्हाई केली. तुमी आपल्या मुलखातले म्हनून सांगितलं." कामाचे म्हणणे खरे होते. पुढे चौकशीत त्याच्या सुभेदारानेही तेच सांगितले की बर्फात खांबावर चढून तार जोडायला पहिले हेच.

शिरेतून औषध सुरू केले. दहा-बारा दिवसांत सूज उतरली, जीव वाचला. आणि त्याच संध्याकाळी केस-शीटवर 'कारण' या रकान्यात मी सगळे लिहिले. कुठून आणलेल्या गोळ्या, किती, कशासाठी. लिहिताना मला शंकाही आली नाही. डॉक्टर खरे लिहितो असे मला शिकवले होते. पुढचे आपोआप घडले. पाय बरा होताच त्या पोराला कुलूप असलेल्या वॉर्डात हलवले गेले. मग मेडिकल बोर्ड बसले. मानसिक कारणावरून लायकी गेली. दुखणे नोकरीमुळे झालेले नाही, आपणहून ओढवून घेतलेले आहे, असा शेरा पडला, त्यामुळे पेन्शनही नाही. त्या बोर्डावर मी नव्हतो, पण ज्या कागदावर ते बसले तो माझा होता.

जाण्याच्या आदल्या दिवशी ते पोर व्हरांड्यात भेटले. सलाम ठोकला. म्हणाले, "मी औषध मागाया आलो हुतो, सायेब." या खेपेला 'आलो' होते. माझ्यापुढची ती दुसरी मात्रा पुन्हा आत गेली होती.

निवृत्त झाल्यावर वाचायला सवड मिळाली. माणूस आपल्याच धंद्याचा इतिहास वाचतो, तसा मी सैन्यातल्या वैद्यकीचा वाचू लागलो, आणि त्यात जेम्स बॅरी भेटला. १८१२ सालचा एडिंबरोचा पदवीधर, १८१३ साली ब्रिटिश सैन्यात डॉक्टर. केपटाउनला १८२६ साली त्याने पोट फाडून बाळंतीण सोडवली आणि आई व मूल दोन्ही जगली. भुलीचे औषध यायला अजून वीस वर्षे होती. स्वभावाने जमदग्नी. क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंना त्याने उन्हात उभे करून चारचौघांत असे झापले की त्या ते कधी विसरल्या नाहीत. रुग्णालयांचा इन्स्पेक्टर जनरल होऊन तो निवृत्त झाला आणि २५ जुलै १८६५ रोजी लंडनमध्ये वारला. प्रेताला आंघोळ घालणाऱ्या बाईने नंतर सांगितले की हा देह बाईचा आहे.

एकच खळबळ उडाली. मृत्यूचा दाखला मॅकिनन नावाच्या लष्करी डॉक्टराने दिला होता, त्यावर 'पुरुष' असे लिहिले होते. वरून विचारणा झाली. त्याने कळवले ते असे की, मी त्यांना कित्येक वर्षे ओळखत होतो, आजारात पाहत होतो, आणि ते पुरुष होते की स्त्री याची उठाठेव करणे हे माझे काम नव्हते.

पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मी चिडलो. शव न पाहता दाखला! माझ्या हाताखालच्या कॅप्टनने असे केले असते तर मी त्याला धारेवर धरले असते. काही दिवसांनी पुन्हा वाचले. रोगी अतिसाराने मेला, दाखल्यात मरणाचे कारण अतिसार लिहिले. त्याहून जास्त कुणाला काय हवे होते? मॅकिनन काही साधुपुरुष नव्हता, त्याच पत्रात त्यानेही आपला एक तर्क लढवून ठेवलाच आहे. पण 'हे माझे काम नव्हते' एवढे लिहिण्याइतकी त्याची समज शाबूत होती. मी केस-शीट लिहिली तेव्हा माझी नव्हती.

बॅरीला आज कोणते नाव द्यावे यावर विद्वान भांडतात. कुणी म्हणतात, डॉक्टर होण्यासाठी पुरुषाचा वेष घेतलेली ती स्त्री. कुणी म्हणतात, तसे असते तर निवृत्तीनंतरही वेष का ठेवला? दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या कपाळावर आजचे लेबल चिकटवू नये, असे मला वाटते. जन्मभर जे नाव त्याने स्वतः सांगितले ते वापरावे.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली, आणि ती मला जास्त झोंबली. आयर्लंडमध्ये मुलगी म्हणून जन्मलेला आल्बर्ट कॅशिअर १८६२ साली इलिनॉयच्या ९५ व्या पायदळ पलटणीत शिपाई म्हणून भरती झाला. भरतीची तपासणी तेव्हा नावापुरतीच असे, माझी मोजपट्टी तिथे नव्हती. तीन वर्षे तो यादवी युद्धात लढला, व्हिक्सबर्गच्या वेढ्यात होता. युद्ध संपल्यावरही तो आल्बर्टच राहिला. एका खेड्यात शेतमजुरी केली, रस्त्यावरचे दिवे लावले, मतदान केले, पेन्शन घेतली. १९११ साली एका सिनेटरच्या मोटारीखाली सापडून त्याचा पाय मोडला. पाय बसवताना डॉक्टरला सगळे कळले. डॉक्टर गप्प राहिला, सिनेटरही गप्प राहिला, आणि या थकल्या शिपायाला माजी सैनिकांच्या निवासात जागा मिळाली.

इथवर सगळे ठीक होते. १९१४ साली म्हातारपणाने त्याची बुद्धी चळू लागली, म्हणून त्याला वेड्यांच्या इस्पितळात हलवले. तिथल्या लोकांनी त्याला बायकांचा झगा घालायला लावला. पन्नास वर्षे विजार घातलेला सत्तरीचा माणूस. झग्यात पाय अडकून पडला आणि खुबा मोडला, असे सांगतात. १९१५ साली तो गेला. दोन्ही ठिकाणी डॉक्टर होते, आणि दोन्ही ठिकाणी त्यांना तेच एक सत्य कळले होते. मी पाहतो की मी त्यांतल्या दुसऱ्यांच्या बाजूला बसतो. याच काळात पेन्शन खात्याला फसवणुकीचा संशय येऊन चौकशी झाली, तेव्हा पलटणीतले म्हातारे सोबती पुढे आले. हाच आमचा आल्बर्ट, याच्याबरोबर आम्ही लढलो, असे त्यांनी शपथेवर सांगितले. पेन्शन चालू राहिली. त्याला गणवेशातच मूठमाती दिली. शिपायांना जे कळले ते डॉक्टरांना कळले नाही.

हे झाले जुने. आज काय आहे? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी निकाल दिला की आपण कोण हे सांगण्याचा अधिकार ज्याचा त्याचा. २०१९ च्या कायद्यात पारलिंगी व्यक्तींच्या उपचारांची सोय सरकारने करावी, असे कलम घातले गेले. मुंबई उच्च न्यायालयापुढे २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा रकाना ठेवण्याचे मान्य केले. आणि मध्येच, २०१७ च्या ऑक्टोबरात, सात वर्षे नोकरी झालेल्या एका खलाशाला नौदलाने कमी केले, कारण रजेवर असताना शस्त्रक्रिया करून घेऊन ती स्त्री झाली होती. भरतीच्या वेळी जी अट होती ती आता पुरी होत नाही, आणि हे आपण होऊन केलेले आहे, असे नौदलाचे म्हणणे होते. आपण होऊन. तो शेरा वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवले. आपल्याला महिनोन्‌महिने मानसोपचार विभागात ठेवले होते, असे तिने त्या वेळी सांगितले.

नियम मोडला म्हणून लष्कर कारवाई करते, ते मला समजते. अठ्ठावीस वर्षे मी नियमावरच जगलो. पण नियम काय म्हणतो पाहा. हीच व्यक्ती कुणाला न सांगता, काही न करून घेता, आतल्या आत कुढत राहिली असती तर लायक होती. उपचार घेतले म्हणून नालायक.

अमेरिकेत हे आणखी उघड झाले आहे. तिथे २०१६ च्या जूनमध्ये बंदी उठली, २०१९ साली पुन्हा आली, २०२१ साली उठली, २०२५ च्या जानेवारीत पुन्हा आली, आणि खटले चालू असले तरी अंमल करायला ६ मे २०२५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मोकळीक दिली. चार वर्षे सरकारने म्हटले, डॉक्टरकडे जा, मन मोकळे करा. लोक गेले. त्यांच्या नावावर निदान लिहिले गेले. मग सरकार बदलले आणि तेच निदान नोकरीवरून काढायचे कारण झाले. ज्यांनी डॉक्टरवर विश्वास ठेवला त्यांचा कागद आधी सापडला. खर्चाचे म्हणाल तर रँड या संस्थेने २०१६ साली हिशेब केला होता: वर्षाला २४ लाख ते ८४ लाख डॉलर, म्हणजे सैनिकांच्या औषधपाण्याच्या खर्चात शेकडा ०.१३ हून जास्त वाढ नाही. एवढ्याशा रकमेसाठी कुणी एवढे आदेश काढत नाही. कारण दुसरेच असते.

माझे काही जुने सहकारी यावर वाद घालतात. बराकीत राहायचे कसे, न्हाणीघर कोणते, सीमेवरच्या चौकीत औषध कसे पोचणार. हे प्रश्न खोटे नाहीत. शस्त्रक्रियेनंतर काही महिने माणूस चौकीवर जाऊ शकत नाही, आणि संप्रेरके चालू ठेवावी लागतात, नाहीतर हाडे ठिसूळ होतात. पण हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतरही महिने जातात आणि थायरॉइडची गोळी जन्मभर घ्यावी लागते. तेवढ्यावर मी कुणाला घरी पाठवलेले नाही, हलके काम दिले. न्हाणीघराचा प्रश्न तर स्त्रिया फौजेत आल्या तेव्हाही काढला होता. पुढे न्हाणीघरे बांधली गेली. मला या वादात उत्तर देता येते. देता येत नाही ते फेफऱ्याच्या ड्रायव्हरच्या बाबतीत. मित्र विचारतो, "त्याचे लिहिलेस ते बरोबर, मग याचे लिहिलेस ते चूक कसे? डॉक्टरने काय लिहायचे हे त्याच्या मर्जीवर ठेवायचे का?"

पुष्कळ विचार करून मला एवढेच म्हणता येते. ड्रायव्हरचे फेफरे मी लिहिले ते गाडीतल्या वीस जणांसाठी. या पोराची गुठळी लिहायलाच हवी होती, तीन महिने तरी खांबावर चढू नये, हेही. गोळ्या घेतल्या होत्या हेही, कारण पुढच्या डॉक्टरला ते कळायला हवे. 'कशासाठी' हे जे मी लिहिले, ते कुणासाठी? त्यावाचून एकही तार तुटणार नव्हती, एकाही सोबत्याचा जीव जाणार नव्हता. ते मी लिहिले कारण रकान्यात जागा उरली होती. खोटे लिहावे असे मी म्हणत नाही. मॅकिननने लिहिले नाही तेवढे मीही लिहिले नसते तर चालले असते. यावर मित्र म्हणतो, "आज तुला सुचते. तेव्हा न लिहितास आणि पुढे काही झाले असते, तर?" त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. त्या दिवशी ते पोर माझ्या एकट्याच्या पदरात होते आणि मी ते ज्याच्या हातात दिले त्याला पाठीमागचे काही ठाऊक नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या रोगांच्या नव्या यादीत ही गोष्ट मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली. १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली. म्हणजे ज्या शब्दावर ते बोर्ड बसले होते तो शब्दच आता त्या प्रकरणात नाही. बोर्डातले इतर दोघे हयात नाहीत.

एक राहिलेच. अशी गुठळी होऊन गेलेला पाय पुढे जन्मभर कुरकुरतो. उभे राहिले की सुजतो, घोट्याशी काळवंडतो, कधी जखम होते. रक्त पातळ करणारी गोळी काही महिने घ्यावी लागते आणि त्यासाठी वरचेवर रक्त तपासावे लागते. आमच्या रुग्णालयात ती सोय होती. गावी १९८४ साली ती कुठून असणार? नाव कमी झाल्यावर आमच्याकडे यायचा हक्कही संपला होता. जाताना मी कागदावर दोन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या, पट्टी कशी बांधायची ते दाखवले, खालून वर, टाचेपासून सुरू करून. पोराने तीन वेळा बांधून दाखवली. तिसऱ्या वेळी बरोबर आली.